हिरव्या झिलईची चूल

पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत चीनच्या जुन्या भांड्यांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक कोणी मागवलं असेल, हे मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक कोणा निवृत्त प्राध्यापकाने घर रिकामं करताना रद्दीवाल्याऐवजी आमच्या शाळेला बोलावलं असावं. त्याच गठ्ठ्यात मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक होतं आणि जर्मन व्याकरणाचंही एक होतं. शाळेला देणगी द्यायची म्हटली की लोक काय काय देतात! मी इतिहास शिकवायची, म्हणून चीन माझ्या गळ्यात पडला.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. पांढुर्ण्यात मी खोली करून राहायची आणि सुटी लागली की बसने सौंसरला घरी जायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत पुस्तक पिशवीत टाकून नेलं. वाचायचं असं काही ठरवलं नव्हतं. आत रंगीत चित्रं होती, गुळगुळीत कागद होता, आणि आमच्या घरी तसलं पुस्तक कधी आलेलं नव्हतं.

पुस्तकातली सगळी भांडी थडग्यांतून निघालेली होती. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे माणूस मेला की त्याच्यासोबत मातीचं अख्खं घरदार पुरत. धान्याची कोठारं, बादलीसकट विहीर, डुकरांचा गोठा, कान टवकारून बसलेला कुत्रा. सगळं हातभर उंचीचं आणि सगळ्यांवर हिरवी झिलई. पुढच्या काळातले घोडे आणि उंट होते, त्यांच्यावर पिवळा, हिरवा आणि पांढरा असे तीन रंग एकमेकांत ओघळलेले. गुबगुबीत गालांच्या बायका होत्या, लांब बाह्यांत हात लपवून उभ्या. झिलईत शिसं असायचं, त्यामुळे या भांड्यांतून खाल्लं तर विषबाधाच व्हायची, असंही लिहिलेलं होतं. जिवंत माणसाच्या कामाची ती भांडी नव्हतीच. घडवणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असायचं की हे उद्या मातीखाली जाणार आहे.

माय चुलीपाशी लसूण सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसून पानं उलटत होते. तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघायला तिला आवडायचं. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सरळ करून बघायची. मध्येच तिचा हात पुस्तकावर आला. बोटाला चिकटलेली साल तिने लुगड्याला पुसली आणि एका चित्रावर बोट ठेवलं.

“हे चूल होय का व?”

चूलच होती ती. पुढे जाळ घालायचं तोंड, वर भांडी ठेवायला भोकं, मागे धुराडं. वरच्या पाठीवर मातीचाच एक मासा, एक पळी आणि एक सुरी उठावात काढलेली. इतकी वर्षं मातीत राहून हिरव्या झिलईवर चंदेरी झाक आली होती. मी मायला खालचा मजकूर वाचून मराठीत सांगितला. मेलेल्या माणसाला तिकडे गेल्यावर स्वयंपाक करता यावा म्हणून ही चूल.

“मासोळी पण ठेवली वरतं,” माय म्हणाली. “सैपाक मांडूनच देला बाईनं.”

“बाईनं कशावरून? कुंभार असेल.”

“कुंभाराले काय सुचते ते. सांगनारी बाईच असन.”

एवढं बोलून ती लसूण तसाच टाकून उठली. तिने आमच्या फळीकडे पाहिलं नाही, पण न पाहण्यासाठी तिने मान ज्या तऱ्हेने वळवली, त्यावरून मला कळलं की आता काहीतरी सुरू झालंय.

त्या फळीबद्दल सांगायला हवं.

माझ्या पाठची एक बहीण होती. मी सातवीत असताना ती गेली; तिला अजून शाळेतही घातलेलं नव्हतं. ताप आला, दवाखान्यात नेलं, ताप डोक्यात गेला असं सगळे म्हणाले, आणि संपलं. मायने नवी चूल घातली की उरलेल्या मातीचं ही पोरगी काहीबाही करत बसायची. त्या वर्षी मायने तिच्यासाठी तिच्याच वितीएवढी एक चूल करून दिली होती. काळी माती, भुसा, थोडं शेण, मोठ्या चुलीचाच सगळा मालमसाला. पोरगी दिवसभर त्या चुलीवर पळसाच्या पानाच्या भाकरी भाजायची आणि आम्हाला सक्तीने खायला लावायची. खाल्ल्याचं नाटक नीट वठलं नाही तर पुन्हा वाढायची.

लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. सकाळी वस्तीतली माणसं अंगणात जमली. बाबांनी तिला स्वतः उचलून घेतलं होतं, आमच्याच एका पांघरुणात. निघणार तेवढ्यात माय आतून आली आणि तिने ती लहान चूल पुढे केली. “हे तिच्यासंग ठेवा,” म्हणाली. बाबांनी एका हाताने चूल घेतली आणि माझ्या हातात दिली. “आत ठेव,” एवढंच म्हणाले. मग मायकडे न बघता म्हणाले, “आपण हे सोडलं.”

बाबांना कठोर म्हणणं सोपं आहे. मीही पुष्कळ वर्षं म्हणायची. पण त्यांचं लहानपण मला ठाऊक आहे. गावात कोणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या आजोबांच्या वाट्याला यायचं. मेलेल्यासाठी बाहेर ठेवलेलं अन्न यायचं. तो आमचा हक्क समजला जायचा, आणि बाबा ते कापड नेसून वाढले होते. तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी ठरवलं की मेलेल्याच्या नावाने काही ठेवायचं नाही, काही घ्यायचं नाही. यात त्यांची सगळी अब्रू होती. मायनेही दीक्षा घेतली होती, आणि मनापासून घेतली होती. त्या सकाळीही तिला दीक्षा मोडायची नव्हती. पोरीला तिची चूल द्यायची होती.

बायका मसणात जात नाहीत. आमच्या लोकांनी एवढं सगळं सोडलं, पण हे काही सुटलं नव्हतं. माय उंबऱ्यात बसून राहिली. पोरगी कुठल्या जागी आहे हे तिने कधी विचारलं नाही आणि बाबांनी कधी सांगितलं नाही. बाबा आले, त्यांनी आंघोळ केली, आणि दुसऱ्या पहाटे नेहमीसारखे कामावर गेले. नगरपालिकेत पाणी सोडायचं काम होतं त्यांच्याकडे. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून ते अंधार असतानाच सायकलवर निघायचे आणि वस्तीवस्तीचे व्हॉल्व्ह उघडत फिरायचे.

चूल फळीवर राहिली. रोज सकाळी माय मोठ्या चुलीला पोतेरं द्यायची आणि उरलेल्या मातीच्या पाण्यात बोट बुडवून फळीवरच्या चुलीवरूनही फिरवायची. मी कॉलेजला नागपूरला गेले, परत आले, नोकरीला लागले, तरी हे चालूच. पाण्याची फेरी आटोपून बाबा समोर चहा पीत बसलेले असायचे. ते बघायचे. पोरीचा विषय आमच्या घरात निघत नव्हता. निघाला की कोणीतरी उठून जायचं. एकदाच, माझं लग्न का होत नाही यावरून शेजारणीने काही बोलून घेतलं, त्या दिवशी माय मला म्हणाली होती, “माह्या दोन पोरी. एक जाऊन बसली पांढुर्ण्याले. एक रिकाम्या हातानं गेली.” पहिल्या वाक्यावर मी हसले. दुसऱ्या वाक्यावर मला रडायला आलं, आणि माय मात्र कोरड्या डोळ्यांनी भांडी घासायला गेली.

तर अशा घरात मी ते पुस्तक नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायने स्वतःच पुस्तक मागितलं. मांडीवर घेऊन चुलीचं पान बरोबर शोधून काढलं. कोठाराचं पान पाहिलं, कुत्र्याचं पाहिलं. मग मला विचारलं,

“हे चीनचे लोक आपल्याच धर्माचे न?”

याचं उत्तर सरळ नव्हतं. विहारात दर वर्षी कोणी ना कोणी भाषण करायचंच, की बुद्धाचा धम्म चीनपर्यंत गेला, तिथले भिक्षू चालत चालत आपल्या देशात आले. ते ऐकून ऐकून मायच्या डोक्यात चीन म्हणजे आपल्या नात्यातलं गाव होऊन बसलं होतं, मोहगावच्या थोडं पलीकडे. मी तिला समजावलं की ही चूल, ही विहीर, ही हिरवी भांडी फार जुनी आहेत. हे पुरायची चाल तिकडे बुद्धाचं नाव पोचण्याच्या आधीपासूनची. हे तिरंगी घोडे-उंट मात्र पुष्कळ नंतरचे, त्या काळात तिथे जागोजागी विहार होते.

“म्हणजे होते,” माय म्हणाली.

“घोड्यांच्या वेळी होते. चुलीच्या वेळी नव्हते.”

“होते म्हणून सांगून राहिली न तू? मंग झालं.”

ऐकायचं तेवढंच ऐकण्यात माझी माय पक्की होती. मी आणखी एकदा समजावून पाहिलं आणि सोडून दिलं. शाळेत चाळीस मुलींपुढे मी कालखंड फळ्यावर रेघा मारून शिकवायची, आणि घरी एका बाईपुढे माझं काही चालेना. तिला एक गोष्ट सापडली होती. बौद्ध माणसं मेलेल्यांसोबत चूल ठेवायची. मग तिने मागितलं त्यात अधर्म नव्हता. इतक्या वर्षांनी तिच्या बाजूने कोणीतरी बोललं होतं, तेही इतक्या लांबून.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. मायने ताटात भाकर ठेवली आणि समोरच बसली. ती सहसा बसत नसे.

“चीनचे बौद्ध लोक पोरासोराईसंग चूल ठेवे,” ती म्हणाली. “विहीर ठेवे. कुत्रा ठेवे.”

बाबांचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक आणून दिलं.

पुढचे काही दिवस बाबांनी ते पुस्तक सोडलं नाही. त्यांचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, पण जिद्दीचं. दुपारची ड्यूटी आटोपली की अंगणातल्या बाजेवर बसायचे, शेजारी शब्दकोश, आणि ओळीखाली बोट धरून वाचायचे. चित्राखालचा मजकूर आधी, मग पुढची मोठी पानं. माय येता-जाता बघायची आणि काही दिसलं नसल्यासारखी पुढे जायची. एकदा बाबांनी मला बोलावलं आणि चुलीच्या पानावरचा काळ दाखवून विचारलं, “हे कोणतं शतक धरायचं?” मी सांगितलं. दुसऱ्या पानावर धम्म चीनमध्ये कधी रुजला ते लिहिलेलं होतं, तिथे त्यांनी स्वतःच नख ओढून ठेवलं होतं. त्यांना सगळं कळलं होतं.

मला आधीच राग आला. विहारात कोणी पालीतला एक उच्चार चुकवला तरी बाबा सगळ्यांसमोर दुरुस्त करायचे. मोठमोठ्या पाहुण्यांना त्यांनी सोडलेलं नव्हतं. आता ते मायला समोर बसवून काळ समजावणार, चूल कोणाची आणि घोडे कोणाचे ते सांगणार, आणि बरोबर सांगणार. मायला हरताना मला पाहायचं नव्हतं. मी सुटी अर्धी टाकून पांढुर्ण्याला परत जायचा विचारही केला. मला वाटलं, कुठल्या दळभद्री मुहूर्तावर हे पुस्तक मी घरात आणलं.

एका सकाळी माय मोठ्या चुलीचं पोतेरं आटोपून फळीकडे वळली होती. बाबा पाण्याची फेरी करून आले होते. सायकल भिंतीला लावून ते दारातच उभे राहिले.

“राहू दे पोतेरं,” ते म्हणाले. “चूल सोबत घे. जाऊन येऊ.”

मायच्या हातातून मातीचं पाणी खाली टपकत होतं.

“पटलं का मंग तुमाले? त्या लोकाईचं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

“पटलं,” ते म्हणाले. “बौद्धच होते ते.”

माझ्या बाबांना मी जन्मभरात खोटं बोलताना एवढं एकदाच ऐकलं. माझ्यासमोर बोलले, मला खरं माहीत आहे हे माहीत असताना बोलले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे जे साचलेलं होतं ते त्या एका वाक्याने हललं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण आमच्या घरात तसलं काही केलं असतं तर दोघांनीही मला वेड्यात काढलं असतं.

मायने घाईघाईने एक भाकर केली, ज्वारीची, रुपयाएवढी. ती फडक्यात बांधली. खुरपं कमरेला खोचून तिने चूल पदराखाली घेतली, आणि आम्ही तिघं निघालो. बोरगावच्या बाजूच्या रस्त्याने, नाल्याच्या कडेकडेने. बाबा पुढे चालत होते, भराभर. मायने चप्पल काढून हातात घेतली होती आणि ती त्यांच्यामागे जवळजवळ पळत होती.

जिथे पूर्वी लेकरं पुरायचं मोकळं पडीक रान होतं तिथे संत्र्याचा बगिचा उभा होता. बाबांना ते ठाऊक होतं की नाही मला सांगता येत नाही; ते काटेरी कुंपणापाशी क्षणभर थांबले मात्र. राखणदार बाज टाकून बसला होता. बाबांना तो पाणीवाले म्हणून ओळखत होता. “या न, काकाजी. खा न संत्री, आंबिया बहार मस्त आला यंदा,” म्हणाला आणि आम्ही संत्री पाहायलाच आलो असं समजून पुन्हा आडवा झाला. झाडं फळांनी वाकली होती. काही फांद्यांना खालून बांबूचे टेकू दिले होते.

बाबा आत शिरले. आधी चालत होते तसेच भराभर चालले. मग सावकाश. मग उभे राहिले आणि नाल्याकडे पाहिलं, मग मागे रस्त्याकडे पाहिलं. एका रांगेतून गेले, दुसऱ्या रांगेतून परत आले. सगळी झाडं सारखी, बुंध्याभोवतीची आळी सारखी. पूर्वी इथे एखादं पळसाचं झाड असेल, एखादा दगड असेल, ज्यावरून त्यांनी जागा मनात ठेवली असेल. आता तिथे काहीही नव्हतं. त्यांच्या मानेवर घाम आला होता. माय एका जागी उभी राहून फक्त त्यांच्याकडे बघत होती. पदराखाली तिचे दोन्ही हात त्या चुलीभोवती होते.

शेवटी ते एका झाडापाशी थांबले. त्याच झाडावरून ते आधी एकदा पुढे गेलेले मी पाहिलं होतं.

“इथं,” ते म्हणाले.

माय खाली बसली. तिने कमरेचं खुरपं काढलं आणि आळ्याच्या जरा बाहेर उकरायला लागली. पहिली माती निघाली ती तिने हातात घेतली, बोटांत चुरली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग पुन्हा उकरायला लागली. मी मदतीला वाकले तर तिने कोपराने मला बाजूला केलं.

खड्डा झाला. तिने चूल पदराखालून काढली आणि आत ठेवली, तोंड आपल्याकडे करून. जाळ घालणारी चुलीसमोर बसते तशी ती बसली होती. मग तिने फडक्यातली भाकर काढली आणि चुलीवर ठेवली. मला पुस्तकातली ती मासोळी आठवली. त्या चुलीला झिलई होती, ती भट्टीत भाजलेली होती, म्हणून इतक्या वर्षांनी कोणाला तरी ती जशीच्या तशी सापडली. आमची चूल कच्च्या मातीची. उद्या बगिच्याला पाणी सोडलं की तिचा चिखल होणार होता. मला राहवलं नाही.

“माय, ही भाजलेली नाही. विरघळून जाईल.”

“कोणाले दाखवाची हाय?” माय म्हणाली.

तिने माती लोटली. हाताने दाबली. चुलीभोवती जमीन सारवतात तसा तिने त्यावरून तळहात फिरवला, पुन्हा पुन्हा. बाबा थोडे दूर उकिडवे बसले होते. राखणदाराच्या बाजूने रेडिओचा आवाज येत होता. मला वाटलं आता उठून निघायचं, आणि मी मायची चप्पल उचलली.

“मले नक्की नाही,” बाबा म्हणाले.

ते जमिनीकडे बघत बोलत होते.

“जागा हेच हाय का, ते मले नक्की नाही. सगळं बदलून गेलं इथं.”

“मालूम हाय,” माय म्हणाली.

“तुले कसं मालूम?”

“त्या रोजचे तुमचे कपडे मीच धुतले न. पांढरी रेती निंगाली होती त्यातून, नाल्याची. हे तर सारी काळी हाय.” तिने हात झटकले. हाताला लागलेली माती खरंच काळी होती.

“मंग ठेवली काहून इथं?”

“तुमी दाखवली म्हणून.”

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. रेडिओवरचं गाणं संपलं आणि माणूस बोलायला लागला. माय उठली नाही. मी चप्पल हातात घेऊन उभी होते. दोघांनाही मी तिथे आहे याचं भान नव्हतं, किंवा असेल तर फिकीर नव्हती. बाबा बोलले तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

“खड्डा लहान पडला होता.”

मायने मान वर केली.

“खाली दगड लागला. लोकाईले घाई होती. अजून खोदा म्हणाचं मले सुचलंच नाही. मी उतरलो न् मंग…” त्यांनी दोन्ही हात पुढे केले, काहीतरी धरल्यासारखे, आणि हात जवळ आणले. “तिचे पाय मावत नोते. मी दुमडले. गुडघे पोटाशी घेतले तिचे. मोठ्या माणसाले कोणी असं ठेवते का? लेकराले आडवं पण होऊ देलं नाही मी.”

ते हात तसेच धरून बसले. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पोरगी गेली त्या दिवशीही नाही. मी त्यांच्याजवळ गेले नाही. ते मायचं होतं.

माय जागेवरून सरकली आणि त्यांच्या समोर जाऊन बसली. हाताला माती होती म्हणून तिने त्यांना मनगटाने शिवलं.

“तशीच झोपे ते,” ती म्हणाली. “रोज. पाय पोटाशी घेऊन. सरळ केली तरी पुन्हा तशीच होये. तुमी अंधारातच पाणी सोडाले जात होते, तुमाले कुठून मालूम राहीन.”